गॅस ब्लोबॅक पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग बदलताना

जानेवारीतली सकाळ, जपानमधल्या चिबातलं एअरसॉफ्टचं, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या झाडणाऱ्या नकली पिस्तुलांच्या खेळाचं, उघडं मैदान, तापमान चार अंश. आदल्या रात्री जेवण उरकून मी माझ्या हाय-कापा 5.1 या गॅसवर चालणाऱ्या पिस्तुलात नवी कोरी रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे मागे गेलेली स्लाइड पुढे आणणारी स्प्रिंग, बसवली होती. पाकिटावर ठळक आकडा होता 150%, म्हणजे मूळ स्प्रिंगच्या दीडपट. घरात हीटर लावलेला होता, तिथे दहा-बारा वेळा चाप ओढून पाहिला तेव्हा स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) अशी कडक वाजत होती की मन प्रसन्न झालं. मैदानावर पहिलाच चाप ओढला आणि पिस्तुलाने फक्त सुस्कारा टाकला. स्लाइड अर्धा इंच मागे गेली, विचारात पडली आणि परत येऊन बसली. दुसऱ्यांदा तेच. समोरच्या गटाने मला सावकाश, हसत-हसत बाद केलं.

आमच्या गटातल्या एका वयस्क जपानी गृहस्थांनी पिस्तूल हातात घेतलं, स्लाइड एकदा मागे ओढून पाहिली आणि विचारलं, “कितीची टाकलीस?” मी म्हटलं, “दीडशेची.” त्यांनी स्वतःच्या जाकिटाच्या आतल्या खिशातून उबदार मॅगझिन, म्हणजे गोळ्या आणि गॅस भरायची पेटी, काढून दिलं. म्हणाले, “आज याच्यावर भागव. घरी जाऊन जुनी स्प्रिंग परत टाक.”

मराठीत ज्याला नाकापेक्षा मोती जड म्हणतात, त्यातला हा प्रकार. पाकिटावरचा मोठा आकडा बघून आपण स्प्रिंग घेतो, पण ती दाबायची कुणी, हा प्रश्न दुकानात सुचत नाही. हा लेख त्या प्रश्नाभोवती आहे. उदाहरण म्हणून तोक्यो मारुई या जपानी कंपनीचं हाय-कापा 5.1 घेतलंय, कारण जगभर सगळ्यात जास्त सुटे भाग याच मॉडेलसाठी मिळतात आणि माझ्या हातात तेच आहे. ग्लॉक किंवा 1911 या मॉडेलवाल्यांनाही तत्त्व तेच लागू पडतं.

स्प्रिंग नेमकं काय करते

बँकेच्या काचेच्या दारावर वर एक डोअर क्लोजर बसवलेला असतो. दार उघडायचं काम माणसाचं, बंद करायचं काम क्लोजरचं. तो फार आवळला तर आजीबाईंना दार ढकलवत नाही. फार सैल सोडला तर दार चार बोटं उघडं राहतं आणि एसी वाया जातो. गॅस ब्लोबॅक पिस्तुलात दार म्हणजे स्लाइड, ढकलणारा माणूस म्हणजे गॅस आणि क्लोजर म्हणजे रिकॉइल स्प्रिंग.

आता जरा आत डोकावू. चाप ओढला की हॅमर (मागचा छोटा हातोडा) पडतो, त्याच्या पुढचा नॉकर मॅगझिनच्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि गॅस सुटतो. हा गॅस स्लाइडमधल्या नोझलमध्ये शिरतो. तिथे एक छोटा तरंगता व्हॉल्व्ह असतो. तो आधी गॅसला पुढची वाट देतो, त्या दाबाने 6 मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी नळीतून निघते. गोळी सुटल्यावर पुढचा दाब घसरतो, तरंगता व्हॉल्व्ह सरकून पुढची वाट बंद करतो आणि उरलेला गॅस मागच्या पिस्टनला ढकलतो. स्लाइड मागे जाते. जाता-जाता ती हॅमर चढवते आणि नळीखालची रिकॉइल स्प्रिंग दाबते. पार मागे टेकली की स्प्रिंगची पाळी येते. ती स्लाइडला पुढे लोटते, नोझल मॅगझिनच्या तोंडातली पुढची गोळी उचलून हॉपअपच्या, म्हणजे गोळीला उलटी फिरकी देणाऱ्या भागाच्या, रबरापाशी नेऊन ठेवते.

या क्रमात गोळी आधी सुटते आणि रिकॉइल स्प्रिंगचं खरं काम नंतर सुरू होतं. त्यामुळे कडक स्प्रिंग टाकून गोळीचा वेग वाढत नाही. हा गैरसमज इलेक्ट्रिक रायफलवाल्यांकडून आलाय. त्यांच्याकडे मुख्य स्प्रिंगच पिस्टन पुढे फेकते, त्यामुळे स्प्रिंग बदलली की वेग बदलतो. आपल्याकडे ते काम गॅसचं आहे.

दुसरा गैरसमज ‘किक’चा. हाताला जो धक्का बसतो तो मुख्यतः स्लाइड मागे जाऊन फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्यावर, आपटते त्याचा. कडक स्प्रिंग तिला वाटेतच आवरते, म्हणजे मागचा धक्का उलट मऊ होतो. पुढे येतानाचा फटका मात्र कडक होतो, आवाज टणक येतो आणि आपल्याला वाटतं किक वाढली. माझीही पहिल्या रात्री हीच फसगत झाली होती.

तापमान: इथेच घोडं पेंड खातं

जपानात पिस्तुलांसाठी बरेच जण एचएफसी 134ए नावाचा गॅस वापरतात. इंग्लंड-अमेरिकेत ग्रीन गॅस चालतो, म्हणजे मुळात सिलिकॉन तेल मिसळलेला प्रोपेन. दोन्ही गॅस मॅगझिनमध्ये द्रवरूपात असतात आणि त्यांचा दाब ठरतो तापमानावर. मॅगझिन भरलेलं आहे की अर्धं, याने दाबात फरक पडत नाही. आत थेंबभर द्रव शिल्लक असेतोवर दाब तापमानाचाच.

134ए चा दाब 30 अंशांना बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे पावणेसात बार जास्त असतो. 20 अंशांना तो पावणेपाचच्या आसपास येतो, 10 अंशांना तीनच्या थोडा वर आणि 5 अंशांना जेमतेम अडीच. म्हणजे ऑगस्टमध्ये जो माणूस दार ढकलत होता, जानेवारीच्या सकाळी त्याची ताकद निम्म्याहूनही कमी झालेली असते. क्लोजर मात्र तोच, तेवढाच आवळलेला. प्रोपेन 20 अंशांना साधारण साडेसात बार देतो, त्यामुळे तिकडच्या लोकांची चूक थंडीतही झाकली जाते. परदेशी व्हिडिओ बघून जपानात स्प्रिंग विकत घेणाऱ्यांचं इथेच चुकतं.

आणखी एक गंमत. द्रवाचा गॅस होताना तो मॅगझिनच्या धातूतून उष्णता ओढून घेतो. भराभर दहा-पंधरा गोळ्या झाडा आणि मॅगझिनला हात लावा, थंडगार लागेल. म्हणून पहिल्या गोळीचा दाब आणि तिसाव्या गोळीचा दाब एक नसतो. स्प्रिंगची परीक्षा घ्यायची ती शेवटच्या पाच गोळ्यांवर.

मॅगझिन गरम ठेवायला अंगालगतचा खिसा पुरे. हीटरवर, गरम पाण्यात किंवा उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा उद्योग कधीही करू नका. सील फुटतात, आणि नशीब फिरलं तर त्याहून वाईट होतं.

बदलायची गरज कुणाला आहे

गरज असलेले लोक मोजके आहेत. पहिले, धातूची स्लाइड बसवणारे. मूळ प्लास्टिक स्लाइडपेक्षा ती जड असते, मूळ स्प्रिंगला ती झेपत नाही, परत येताना शेवटचे दोन-चार मिलिमीटर रेंगाळते. दुसरे, प्रोपेनसारखा जोरदार गॅस मूळ प्लास्टिकच्या स्लाइडवर वापरणारे. तिथे मागचा आपट कमी करायला थोडी कडक स्प्रिंग हे एक प्रकारचं विमा संरक्षणच. तिसरे, ज्यांची जुनी स्प्रिंग वर्षानुवर्षं वापरून आखूड झालीय. चौथे, स्पर्धेत झपाझप निशाणे मारणारे. पण ते हलक्या स्लाइडसोबत कमी ताकदीची स्प्रिंगही वापरतात, ते शास्त्र वेगळं.

जपानात धातूच्या नकली पिस्तुलांवर 1971 मधल्या कायदेदुरुस्तीपासून कडक बंधनं आहेत, म्हणून मारुईच्या स्लाइड प्लास्टिकच्या असतात आणि इथे राहणाऱ्याने धातूच्या स्लाइडच्या फंदात पडू नये. शिवाय 2006 पासून गोळीच्या ऊर्जेवर मर्यादा आहे. प्रौढांच्या बंदुकीसाठी ती 0.98 ज्यूल, म्हणजे 0.20 ग्रॅमची गोळी सेकंदाला जेमतेम 99 मीटरपर्यंत. इंग्लंडमध्ये एकेक गोळी झाडणाऱ्यांना 2.5 ज्यूल आणि सलग झाडणाऱ्यांना 1.3 ज्यूल अशी मर्यादा आहे. भारतातल्या वाचकांना एकच सांगणं: खऱ्यासारखी दिसणारी ही वस्तू बॅगेत घालून विमानतळावर उतरू नका. कस्टम्सच्या टेबलावर ती ‘खेळणं’ म्हणून सिद्ध करत बसणं हा सुट्टी घालवायचा चांगला मार्ग नव्हे. तुमच्याकडचे नियम आधी लेखी विचारून घ्या.

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये असतो. त्याने ॲल्युमिनियमची स्लाइड बसवली आणि फोन केला, “दादा, स्लाइड पूर्ण बंदच होत नाही रे, दोनशे टक्क्यांची स्प्रिंग मागवू का?” मी म्हटलं, आधी स्प्रिंग काढ आणि नुसती स्लाइड फ्रेमवर पुढे-मागे करून बघ. पंधरा मिनिटांनी त्याचा फोटो आला. नव्या स्लाइडच्या आतल्या खाचेत रंगाचा जाड थर होता आणि तो रुळावर घासत होता. बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरने रंग उतरवला, तेलाचा हात दिला आणि 120 टक्क्यांची स्प्रिंग टाकली. दोनशेचे पैसे वाचले.

म्हणून पहिली पायरी हीच: स्प्रिंग काढून स्लाइड हाताने फिरवा. पिस्तूल नाकाकडून (पुढच्या टोकाकडून) खाली धरलं की स्लाइड स्वतःच्या वजनाने घसरली पाहिजे. अडकत असेल तर दोष घर्षणाचा आहे. त्यावर कडक स्प्रिंग म्हणजे अडकलेल्या दाराला जास्त जोराने ढकलणं.

विकत घेताना

टक्केवारीला कुठलंही सार्वत्रिक माप नाही. एका कंपनीची 120 आणि दुसरीची 120 हातात घेतलीत तर फरक कळतो. ‘मूळ स्प्रिंगच्या इतके टक्के’ असा त्याचा अर्थ, पण ती तुलना स्लाइड बंद असताना केलीय की पूर्ण मागे असताना, हे पाकिटावर नसतं. म्हणून मी घरी मोजतो, आणि त्याला लागतो फक्त स्वयंपाकघरातला डिजिटल काटा.

पद्धत अशी. गाइड रॉडचा, म्हणजे स्प्रिंग ज्यावर चढते त्या दांड्याचा, चपटा तळ काट्यावर ठेवा, रॉड उभा. काटा शून्यावर आणा. वरून स्प्रिंग घाला आणि स्प्रिंग प्लग (स्प्रिंगच्या पुढच्या टोकावरचं बूच) टोपीसारखा धरून खाली दाबा. रॉड प्लगच्या भोकातून वर येतो, त्यामुळे स्प्रिंग वाकडी होत नाही. बाजूला पट्टी उभी धरा. दोन लांबींवर आकडा वाचायचा: स्लाइड बंद असताना स्प्रिंग जेवढी लांब असते ती, आणि स्लाइड पूर्ण मागे असताना उरते ती. पहिली लांबी मिळवायला काढलेली स्लाइड उलटी धरून आत बसलेली स्प्रिंग कॅलिपरने मोजा. दुसरीसाठी स्लाइड किती मागे जाते ते बाहेरून चिकटपट्टीवर खूण करून मोजा आणि पहिल्यातून वजा करा.

समजा जुन्या स्प्रिंगने 600 आणि 1100 ग्रॅम दाखवले आणि नवीने 800 आणि 1550. म्हणजे सुरुवातीला नवी स्प्रिंग 133 टक्के आहे आणि शेवटी 141. पाकिटावर 150 लिहिलेलं असो की 130, तुमच्या पिस्तुलात ती ही आहे. थंडीत अडचण शेवटच्या आकड्याची होते, कारण तिथेच गॅसचा दम संपलेला असतो. स्लाइड नीट बंद होत नसेल तर बघायचा पहिला आकडा. म्हणजे एकच स्प्रिंग दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, हे ध्यानात ठेवून निवडा.

त्याच वेळी एक हिशेब उरकून टाका. स्प्रिंगच्या तारेची जाडी गुणिले वेढ्यांची संख्या. एक मिलिमीटरची तार आणि 24 वेढे असतील तर पूर्ण दाबल्यावर स्प्रिंग 24 मिलिमीटरची भरीव नळी होते, त्याखाली जात नाही. स्लाइड पूर्ण मागे असताना उरणारी जागा 23 असेल तर कुठलाही गॅस घाला, स्लाइड शेवटचा मिलिमीटर मागे जाणार नाही आणि शेवटच्या गोळीनंतर उघडी अडकणार नाही. मग लोक बिचाऱ्या गॅसला शिव्या देत बसतात.

‘जुनीच दोन वेढे कापून टाकतो’ किंवा ‘ओढून लांब करतो’ असले सल्ले देणारा एक तरी माणूस प्रत्येक गटात असतो. वेढे कापले की स्प्रिंग आखूड होते, म्हणजे सुरुवातीचा दाब कमी होतो. पण उरलेले वेढे कमी असल्याने दर मिलिमीटरला लागणारा जोर वाढतो. वीसपैकी एक वेढा कापला तर हा कडकपणा सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ती सुरुवातीला जास्त ढिली होते आणि शेवटी त्यामानाने कमी, आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलट. ओढून लांबवलेली स्प्रिंग काही दिवसांत परत बसते. मूळ स्प्रिंगला हात लावू नका. ती तुमचा परतीचा रस्ता आहे.

उघडणे

मॅगझिन काढा. पिस्तूल सुरक्षित दिशेला धरा. गॅस मॅगझिनमध्ये असतो, त्यामुळे आता नुसता चाप ओढून नळीत अडकलेली गोळी कळत नाही. नंतर स्लाइड मागे ओढून आत डोळ्यांनी बघा. मॅगझिन दुसऱ्या खोलीत ठेवून या. चष्मा असला तरी त्यावर गॉगल घाला, कारण या कामात इजा व्हायचीच तर गोळीपेक्षा स्प्रिंगने होण्याची शक्यता जास्त.

टेबलावर जुना टॉवेल पसरा. माझी पहिली स्प्रिंग सुटली ती छताला लागून फ्रिजमागे गेली, आणि रात्री बाराला फ्रिज सरकवण्याच्या आवाजाने शेजाऱ्यांनी भिंत ठोठावली. तेव्हापासून मी हे काम मोठ्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत हात घालून करतो. दिसायला वेडेपणा आहे, पण फ्रिज जागच्या जागी राहतो.

हाय-कापात स्लाइड साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मागे ओढा. स्लाइडच्या डाव्या खालच्या कडेवर एक छोटी अर्धगोल खाच आहे, ती स्लाइड स्टॉपच्या, म्हणजे शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी अडकवणाऱ्या खटक्याच्या, मागच्या टोकावर आली पाहिजे. तशी धरून उजव्या बाजूने स्लाइड स्टॉपच्या पिनचं टोक बोटाने दाबा. डावीकडे तो वर आला की ओढून काढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलात तर रंगावर ओरखडा ठरलेला. आता स्लाइड नळीसकट पुढे सरकवून फ्रेमवरून काढून घ्या.

स्लाइड उलटी धरा. नळीखाली गाइड रॉड आणि त्यावर स्प्रिंग दिसेल. रॉडचा मागचा चपटा तळ किंचित पुढे दाबून वर उचला आणि सावकाश मागे काढा. सावकाश हा शब्द इथे महत्त्वाचा. पुढचा प्लग स्लाइडच्या नाकात बसलेला असतो, मोजमापासाठी काढायचा असेल तर तो आतून मागच्या बाजूने निघतो.

ग्लॉकमध्ये स्लाइड थोडी मागे घेऊन फ्रेमच्या दोन्ही बाजूंचे छोटे खटके एकदम खाली ओढायचे आणि स्लाइड पुढे काढायची. तिथली स्प्रिंग घेताना तुमच्या मॉडेलच्या नावाबरोबर पिढीसुद्धा बघा, गाइड बदलतो.

साफसफाई, आणि बसवणे

उघडलंच आहे तर रुळांवरची काळी पेस्ट कानकाडीने पुसून घ्या. धातू धातूवर घासतो तिथे ग्रीसचा पातळ हात. नोझल, पिस्टन आणि जिथे-जिथे रबर आहे तिथे फक्त शुद्ध सिलिकॉन तेल, तेही थेंबभर. घरात दाराच्या बिजागरीला मारतो तो पेट्रोलियमचा स्प्रे रबराच्या सीलना फुगवतो, त्यामुळे तो लांबच ठेवा. नोझल बोटाने पुढे ओढून सोडा. ते झटकन मागे गेलं पाहिजे. जात नसेल तर आतली छोटी नोझल स्प्रिंग थकलीय किंवा तुटलीय. हा दोष हुबेहूब कमकुवत रिकॉइल स्प्रिंगसारखा दिसतो आणि कित्येक जण चुकीचा भाग बदलतात.

नवी स्प्रिंग गाइडवर चढवा. एक टोक जरा घट्ट बसत असेल तर ते गाइडच्या तळाकडे, म्हणजे पुढच्या वेळी उघडताना ती उडत नाही. गाइडवर स्प्रिंग फिरवून बघा, कुठे खरखर जाणवली तर ती टोकाच्या कापलेल्या तारेची असते. बारीक कानशीने दोनदा घासलं की काम झालं. मी एकदा बाजारातला स्वस्तातला गाइड घेतला होता, त्यावर साच्याची कड तशीच होती आणि महिनाभर मी स्प्रिंगला दोष देत होतो.

जुळवताना काढल्याच्या उलट क्रमाने जा. स्लाइड फ्रेमवर चढवल्यावर पिनचं भोक आणि आतल्या नळीचं भोक एका रेषेत आणायला थोडी कसरत लागते, कारण आता स्प्रिंग जास्त जोराने विरोध करते. स्लाइड एका हाताने धरा, पिन घाला, स्लाइड स्टॉपच्या मागे जी छोटी स्प्रिंगदार पिन आहे ती नखाने आत दाबा आणि ‘टक’ आवाज येईपर्यंत स्लाइड स्टॉप दाबा. आवाज आला नाही तर बसलेलं नाही.

चाचणी, आधी हाताने

स्लाइड पूर्ण मागे ओढा आणि हाताने धरूनच अगदी सावकाश पुढे सोडा. शेवटचे पाच मिलिमीटर ती आपोआप जाऊन बंद झाली पाहिजे. तिथेच लटकली तर स्प्रिंग अजून कमी आहे किंवा घर्षण आहे. मॅगझिन रिकामं घालून स्लाइड मागे ओढा, ती उघडी अडकली पाहिजे. मागच्या टोकाला स्लाइड फ्रेमवर टेकल्याचा टणक आवाज यायला हवा. मऊ, गच्च थांबत असेल तर वेढे एकमेकांवर बसतायत, वरचा हिशेब पुन्हा करा.

मग गॅस भरा, 31 गोळ्यांचं मॅगझिन पूर्ण भरा आणि मोकळ्या जागी, गॉगल घालून झाडा. पहिल्या दहा सावकाश, उरलेल्या भराभर. कान देऊन ऐका. ठीक असेल तर ‘खट-टक’ असे दोन वेगळे आवाज येतात, मागचा आणि पुढचा. थंड झालेल्या मॅगझिनवर ते मिसळून एकच ‘थप’ होतो. हे अर्धवट मागे जाण्याचं पहिलं लक्षण, खेळाडू ज्याला शॉर्ट स्ट्रोक म्हणतात. पुढच्या पायरीत गोळी न उचलता नोझल रिकामंच पुढे जातं, मग हॅमर चढत नाही, आणि शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहत नाही. यांतलं काहीही 20 अंशांना होत असेल तर 10 अंशांना ते पिस्तूल कमरेला लावून फिरायच्या लायकीचं राहणार नाही.

उलट दोष असेल तर, म्हणजे स्लाइड व्यवस्थित मागे जाते पण गोळी हॉपअपमध्ये अर्धवट चढते, तर स्लाइड इतक्या वेगाने परत येतेय की मॅगझिनची स्प्रिंग पुढची गोळी वेळेवर वर आणू शकत नाही. हे कमी वेळा होतं, पण हलक्या स्लाइडवर जास्त कडक स्प्रिंग असली की होतं. तिथेही उत्तर एक पायरी खाली उतरणं हेच.

हॅमर स्प्रिंगबद्दलही दोन शब्द. जोरदार गॅस वापरणाऱ्यांना ती कडक लागते, कारण जास्त दाबाचा व्हॉल्व्ह उघडायला हॅमरला जास्त जोर हवा. पण स्लाइडला मागे जाताना हाच हॅमर चढवावा लागतो. म्हणजे हॅमर स्प्रिंग आणि रिकॉइल स्प्रिंग दोघी एकाच गॅसच्या खिशातून पैसे काढतात. दोन्ही एकदम बदलू नका. एक बदला, पूर्ण मॅगझिन झाडा, तापमान आणि निकाल वहीत लिहा, मग दुसरी.

माझं मत विचाराल तर प्लास्टिक स्लाइड आणि 134ए वर 120 च्या पुढे जाण्यात काही कमाई नाही. जपानात आता कमी दाबाचे, पर्यावरणाला कमी त्रास देणारे गॅसही येऊ लागलेत, त्यांच्यावर तर मूळ स्प्रिंगच बरी. ॲल्युमिनियम स्लाइड आणि प्रोपेनवर 120 ते 150 मध्ये कुठेतरी थांबा. दोनशे टक्क्यांची स्प्रिंग मी हातात घेतलीय, पिस्तुलात घातलेली नाही.

दर काही महिन्यांनी स्लाइड स्टॉपची खाच तपासत जा. कडक स्प्रिंग पुढे लोटताना जोर या खाचेवर येतो. प्लास्टिकच्या स्लाइडवर ती गोल होऊ लागली की स्लाइड उघडी राहायचं बंद होतं. रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड उघडी अडकवून खटका दाबून आपटत बसण्याची सवय असेल तर ती सोडा. मागे ओढून हाताने पुढे आणा. ठेवताना स्लाइड बंद, हॅमर खाली, मॅगझिनमध्ये सील ओले राहतील इतका थोडा गॅस.

आता माझ्या खणात दोन छोट्या झिपच्या पिशव्या आहेत. एकीवर मार्करने ‘15 च्या वर’ आणि दुसरीवर ‘15 च्या खाली’ लिहिलंय. पहिलीत काट्यावर मोजलेली 120 ची, दुसरीत मूळ स्प्रिंग. ती दीडशेची फ्रिजवरच्या डब्यात आहे. परवा मुलीने तिच्यावर बाहुलीचं डोकं बसवलं, तेव्हापासून बाहुली मान हलवते.